आत्या आणि बाटलीतला पुदिना

आमची आत्या तांबड्या रश्शात चटणी मुठीने टाकायची आणि तेल पळीने. बोलायचीही त्याच मापाने. शिवाजी पेठेतल्या घरातून ती फोनवर बोलायला लागली, की समोरच्या घरातली माणसं फोनशिवायच उत्तर द्यायची. पण कपाटातून सुगंधी तेलांच्या बोटभर बाटल्या काढल्या, की हीच बाई सोनार व्हायची. श्वास रोखून एक थेंब, मग दुसरा, की बूच बंद. तिसरा मागणाऱ्याला एवढंच ऐकायला मिळायचं, "रस्सा न्हाय हा."

निवृत्त झाल्यावर पेठेतल्या बायका भजनाला लागल्या, आत्या अर्कांच्या नादाला लागली. बाटल्यांवरचं मुंगीएवढं इंग्रजी वाचायला ती मला बोलवायची. माझं नावच तिने 'कॉन्व्हेंट' ठेवलं होतं. मी हळू आवाजात वाचायची: पोटात घेऊ नये, थेट कातडीवर लावू नये, मुलांपासून दूर ठेवावे.

"मोठ्यांदा वाच की. बाटली झोपलीय व्हय?"

मग ती अर्थ सांगायची. "एवढ्याशा बाटलीत पोतंभर पुदिना कोंबलाय. तो चिडलेलाच असणार. तुला असं कोंबलं तर तू गप बसशील?"

मी बसले असते. पण तसं तिला सांगितलं नाही.

नवीन तेल आलं, की ती चमचाभर खोबरेलात त्याचा एक थेंब मिसळायची आणि कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची. "पावण्याला आधी बाहेरच्या सोप्यात बसवायचं. एक दिवस वागणूक बघायची. खाज न्हाय, लाली न्हाय, मग घरात घ्यायचं." आलेल्या माणसांना मात्र ती थेट स्वयंपाकघरात ओढायची आणि जेवल्याशिवाय सोडायची नाही.

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. सुरुवातीला एकदा लिंबाचं तेल गळ्याला तसंच चोपडून ती भर दुपारी जोतिबाला गेली. ऊन आणि ते तेल यांचं अजिबात जमत नाही, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. गळा भाजल्यासारखा लाल झाला आणि पुढे कित्येक महिने काळा राहिला. कुणी विचारलं तर म्हणायची, "देवानं गळ्यात माळ घातली."

तिच्या सुनेचं बाळंतपण माहेरी, कागलला झालं. बाळ दीड महिन्याचं असताना आम्ही दोघी बघायला गेलो. दारातच निलगिरीचा वास आला आणि आत्या थबकली. बाळाला सर्दी झाली होती. विहीणबाईंनी निलगिरीचं तेल शिंपडलेला रुमाल पाळण्यात, अगदी बाळाच्या तोंडाशी बांधला होता. शेजारच्या दोन बायकाही बसल्या होत्या.

"विहीणबाई, तेवढा रुमाल काढा," आत्या तिच्या मानाने हळू म्हणाली. "एवढ्या लहान जिवाचा श्वास कोंडतो ह्यानं. सर्दी हाय तर डॉक्टरला दाखवू."

"आमच्यात असंच करत्यात," विहीणबाई म्हणाल्या. "माझी चार पोरं ह्याच्यावरच वाढली. मी नातवाचा जीव घेतो व्हय?"

शेजारणी पदर सावरून सरसावून बसल्या. सून जमिनीकडे बघत होती. एकीकडे आई, दुसरीकडे सासू, आणि मध्ये बाळाची छाती खालीवर होत होती. आत्याने आता तोंड उघडलं, तर सुनेचं माहेर कायमचं तुटणार असं मला वाटलं. तोंड उघडण्यात तर आत्याचा हातखंडा होता.

ती उठली, विहीणबाईंच्या समोर जाऊन जमिनीवर बसली. "तुमचा गुडघा धरलाय न्हवं? आल्यापासनं बघतोय, बसता-उठता कण्हताय. तेल चांगलंच हाय, पण ते थोरामोठ्यांचं. द्या ती बाटली. आणि वाटीत खोबरेल आणा कुणीतरी."

विहीणबाईंनी घाईघाईने पाय पोटाशी घेतले. "आवो, काय करताय? वरमायनं विहिणीच्या पायाला हात लावायचा नसतो. लोक तोंडात शेण घालतील."

"मग रुमाल काढा. न्हायतर धरतो पाय."

आत्याने हात पुढे केला. एक शेजारीण तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काढ गं बाई तो रुमाल," विहीणबाई लेकीवर ओरडल्या. "खिडकी पण उघड. ही बाई ऐकायची न्हाय."

सुनेने रुमाल सोडला, खिडक्या उघडल्या. "आई, मी ह्याला डॉक्टरकडं नेऊन आणते," म्हणून बाळाला उचललं. कुणी काही म्हणायच्या आत ती बाहेर पडलीसुद्धा.

आता आत्या उठेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तिने शेजारणीने आणून ठेवलेली खोबरेलाची वाटी पुढे ओढली, निलगिरीचे दोन थेंब टाकले आणि विहीणबाईंचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

"आता कशाला? रुमाल काढला की," विहीणबाई म्हणाल्या. पाय मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

"ते बाळासाठी झालं. हे तुमच्यासाठी."

आत्याने गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठे रुतवले. मग विहीणबाई कळवळल्या. "हळू की. गुडघा हाय, कणीक न्हवं."

"कणीक एवढी तक्रार करत न्हाय," आत्या म्हणाली आणि चोळत राहिली.