कडूबा गोर्बाचेव्ह

कडूबा मूळचे कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचे, वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात टर्नर. तरुणपणी रद्दीत मिळालेली रशियन मासिकं वाचून ते कम्युनिस्ट झाले. बायको आशाबाई म्हणायची, कागद चांगला होता म्हणून झाले. त्यांचा देव एकच, सोव्हिएत युनियनचा शेवटचा अध्यक्ष गोर्बाचेव्ह. त्यानं लोकांना बोलायची मोकळीक दिली, कैदी सोडले, अफगाणिस्तानातून फौज परत आणली. युनियनचे अध्यक्ष कॉम्रेड रामकिसन यांना हे नाव काढलेलं खपत नसे. त्यांच्या मते, घर झाडायला काढून त्या माणसानं भिंतीच पाडल्या.

रामकिसन अठरा वर्षं अध्यक्ष होते. निवडणूक हात वर करून व्हायची आणि कोणाचा हात खाली आहे ते रामकिसन चष्मा पुसून बघायचे. दोन हजार अठरात त्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा अध्यक्षपद उपाध्यक्ष कडूबांकडं आलं.

कडूबांनी लगेच दर महिन्याला खुली सभा लावली. कोणीही उठावं, काहीही बोलावं. पुढची निवडणूक गुप्त मतदानानं होईल, असंही जाहीर केलं. पहिल्याच सभेत पॅकिंगमधल्या फहमिदा उठल्या. म्हणाल्या, अकरा वर्षं झाली, बायकांना संडास नाय. तुमच्या क्रांतीला आम्ही कुठं बसून वाट बघायची? कडूबा दुसऱ्या दिवशी पन्नास बायका घेऊन मॅनेजरच्या केबिनबाहेर बसले. महिन्यात संडास झाला. कंत्राटी कामगारही सभासद झाले. युनियन इतकी जोरात कधीच नव्हती.

पण उघडलेलं तोंड कोणाचं बंद होत नाही. भिंतीवर लेनिन कशाला, असं एकानं विचारलं. पदाधिकारी सगळे कन्नड तालुक्याचेच कसे, असं दुसऱ्यानं विचारलं. मग पेंट शॉपमधल्या सोमनाथ नावाच्या रंगाऱ्यानं विचारलं, रामकिसनांच्या काळातल्या संपानंतर नोकरीत कायम झाले ते कोणाचे भाचे-पुतणे होते? कडूबांना गप्प बसता आलं असतं. ते उठले आणि म्हणाले, "त्यात माझा पुतण्या सुदर्शनबी व्हता. चूक झाली."

त्यांना वाटलं, खरं बोललं की माणसं जवळ येतात. माणसं निघून गेली. पेंट शॉपनं वेगळी युनियन काढली, असेंब्ली खात्यानं एका पुढाऱ्याचा आशीर्वाद घेऊन तिसरी. मॅनेजमेंटनं तिन्ही युनियनना दिवाळीची मिठाई पाठवली. उरलेल्या युनियनची निवडणूक कडूबांच्याच लाडक्या गुप्त पद्धतीनं झाली. दोनशे बारांपैकी एकेचाळीस मतं त्यांना पडली. फहमिदा निवडून आल्या. सुदर्शननंही आपल्याला मत दिलं नाही, हे कडूबांना त्याच्या नमस्कारावरून कळलं.

दोन हजार बावीसला कडूबा रिटायर झाले. त्याच वर्षी, गणपती बसले त्या दिवशी, गोर्बाचेव्ह गेल्याची बातमी आली. आशाबाईंनी बांधून दिलेले मोदक घेऊन ते रामकिसनांकडं गेले. रामकिसनांना आता एका बाजूनंच बोलता यायचं, तरी ते त्या बाजूनं पुरेसं बोलायचे.

"मेला का तुझा देव?"

"व्हय."

"खरं सांग. तू युनियन वाचवली का बुडवली?"

कडूबांनी एक मोदक त्यांच्या हातावर ठेवला. "दोन्ही. पण कॉम्रेड, आतून सडली नसती तर नुसत्या बोलण्यानं पडली असती का?"

रामकिसन म्हणाले, सडलेली भिंतसुद्धा पावसात डोक्यावर छप्पर धरते. मग त्यांनी दुसरा मोदक मागितला. कोणीच कोणाचं ऐकलं नाही, पण त्या दिवसापासून कडूबा दर आठवड्याला त्यांच्याकडं जाऊ लागले.

फहमिदांनी पुढच्या सभेत गोर्बाचेव्हला श्रद्धांजली वाहायला कडूबांना पाच मिनिटं दिली. पेंट शॉपवालेही ऐकायला आले होते. कडूबा सोळा मिनिटं बोलले, दोनदा डोळे पुसले. शेवटी सोमनाथनं हात वर केला आणि अदबीनं विचारलं, "साहेब लई मोठे होते म्हणता. कोणत्या खात्यात होते?"

कडूबांनी पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.