एक ते चार, शटर बंद, बोर्ड चालू

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. अडगळीत वायरी साठतात तसे ते साठतात, आणि एक ओढायला जावं तर सगळा गुंता बाहेर येतो. आमच्या बोर्डाचे किस्से असेच. मी सांगायला लागलो की ऐकणारे पोट धरून हसतात. हसा बाबांनो! माझं मात्र अजून डोकं सणकतं.

आधी बोर्ड म्हणजे काय ते सांगतो. नव्वदच्या दशकात, कोल्हापुरात इंटरनेट यायच्या आधी, आमच्या अण्णांनी दुकानातल्या कॉम्प्युटरला मोडेम जोडला आणि मोडेमला टेलिफोन. आपण आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावायचा, स्क्रीनवर आलेले निरोप वाचायचे, आपला लिहायचा आणि बाहेर पडायचं. लाईन एकच, म्हणून एका वेळी आत एकच माणूस. अण्णांचं दुकान पंपाच्या स्पेअर पार्टचं. दुपारी एक ते चार शटर खाली, कारण त्या वेळेत आमच्याकडे माणूस जेवतो आणि झोपतो. दुकानाचा फोन तेवढाच वेळ मोकळा, म्हणून बोर्डाची वेळ तीच. मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

* * *

पहिला शत्रू अण्णांच्या घरातच होता. त्यांचे वडील, अप्पा!

घर दुकानाच्या वरच, आणि फोनची एक वायर वरही नेलेली. फोन वाजला आणि उचलला नाही, तर तो समोरच्या माणसाचा अपमान, असं अप्पांचं ठाम मत. मोडेम दुसऱ्या रिंगला उचलायचा. अप्पा पहिल्याच! मग माझा मोडेम इकडून आपला टीं… टीं… करत बसायचा आणि त्याच्या स्पीकरमधून अप्पांचा आवाज यायचा, "पावणं, तोंडानं बोला की!"

एकदा मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "अप्पा, एक ते चार फोन उचलायचा नाही. तो मशीनचा फोन असतो."

अप्पा म्हणाले, "मशिनीचा का असंना, आपल्या दारात आलंय न्हवं? मग बोलाय नको?"

अण्णा तर जेवणाचं ताट सोडून जिना चढायचे आणि बापाशी भांडायचे. अप्पा गेले तोवर ते भांडण काही मिटलं नाही.

* * *

दुसरे वारणानगरचे पाटील. घरची शेती बघायची आणि दुपारी कॉम्प्युटरला चिकटायचं. एकच्या ठोक्याला यांचा फोन लागलेला! आणि टायपिंग एका बोटानं. आम्ही बाकीचे डायल करतोय, एंगेज. परत डायल, परत एंगेज. जयसिंगपूरचा चौगुले तर वैतागून टेबलावर मुठी आपटायचा. शेवटी आत जाऊन बघावं, तर पाटलांनी इंग्रजी अक्षरांत काय लिहिलेलं असायचं? "जेवलासा काय?" एवढंच!

मी त्यांना झापलं. "पाटील, निरोप आधी घरी टाईप करून ठेवा. आत आलात की पाठवा आणि निघा. बोर्डाला फोन लावता त्या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे!"

"मास्तर, समोर कोण नसताना बोलाय मी काय येडा हाय व्हय?"

"आत तरी समोर कोण आहे? मशीनच ना?"

"अण्णा बसल्यात की म्होरं."

ते खरंच होतं. अण्णा झोप सोडून स्क्रीनसमोर बसायचे आणि पाटलांचं एकेक अक्षर उमटताना बघायचे.

* * *

पावसाळ्यात लाईनवर खरखर सुरू झाली की निरोपाच्या मधोमध चित्रविचित्र खुणा उमटायच्या. तक्रारीवर तक्रारी केल्यावर एकदाचा टेलिफोन खात्याचा माणूस आला. रिसीव्हर कानाला लावून म्हणाला, "टोन हाय की."

मी म्हटलं, "आणि ही खरखर?"

"असंना. माणसाचं बोलणं कळतंय न्हवं?"

"माणसाला कळतं हो! मशीनला कळत नाही!"

"मग मशीनला करू द्या की तक्रार."

असं म्हणून गेला! मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो. अण्णा म्हणाले, "मास्तर, तापू नका." मी जास्तच तापलो.

* * *

मग गावात सायबर कॅफे निघाले आणि आमची मंडळी पसार झाली. ज्या चौगुलेनं नंबर लागावा म्हणून टेबलं बडवली, त्यानं जाताना एक ओळीचा निरोपही ठेवला नाही. पाटील तेवढे टिकले. पण त्यांच्या घरात आजारपण आलं आणि त्यांचाही फोन थांबला.

अण्णा मात्र एक वाजता शटर ओढून बसायचेच. शेवटी त्यांच्या मुलानं, महेशनं, मोडेम काढून कपाटात टाकला आणि टेलिफोन नुसता टेबलावर ठेवला. ते टेबल बघून मला कोणाकोणाचा गळा धरावासा वाटला.

* * *

दोन हजार साल उलटून गेल्यावर, ब्रॉडबँड आल्यावर, मला एक नवं टर्मिनल सॉफ्टवेअर सापडलं. परदेशातल्या काही जणांनी आपले जुने बोर्ड म्हणे इंटरनेटवर चालू केलेले. मोडेम नको, फोन नको. नाव निवडा, क्लिक करा, की तीच काळी स्क्रीन आणि तीच रंगीत अक्षरं.

सेटिंग उघडलं, तर आत 'जुना वेग'! टिक केलं की अक्षरं पूर्वीसारखी रांगत येणार. अरे, ज्या वेगाला आम्ही उठता-बसता शिव्या घातल्या, तो आता हौस म्हणून? वर मोडेमचा आवाजही मिळतो, तोही फुकट! मी संतापून कॉम्प्युटरच बंद केला.

मग परत चालू केला आणि दुसऱ्या दिवशी ते सॉफ्टवेअर अण्णांना नेऊन दाखवलं.

"अण्णा, आता एका वेळी कितीही माणसं येऊ देत. एंगेज लागणारच नाही!"

अण्णांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "एंगेज लागला की कळायचं, आपलं माणूस आत हाय. आता कसं कळायचं?"

* * *

त्यानंतर महेशनं दुकान नवं करायला काढलं. टेलिफोन कापायचा आणि अण्णांचा कॉम्प्युटर भंगारात घालायचा, असं त्यानं ठरवलं. "कोण येतंय आता तिथं?" म्हणाला.

अण्णा म्हणाले, "बुधवारी बघू. एक ते चार. एक जरी माणूस आला, तर मशीन हितंच ऱ्हाईल. न्हाय आला, तर तुझ्या हातानं घाल भंगारात."

मी अण्णांचा बोर्ड इंटरनेटवर चढवला. सॉफ्टवेअरच्या सीड्या काढल्या आणि घरोघर फिरून दिल्या. चौगुले म्हणाला, "मास्तर, पयला मीच येतो बघा!" पाटलांनी सीडी उलटसुलट केली आणि माझ्याच हातात परत दिली. "मला ह्यातलं काय जमायचं न्हाय. माझा जुना मोडेमच बरा हाय." मी तिथून रागानं पाय आपटत निघालो.

बुधवार आला. एकला शटर खाली. अण्णा स्क्रीनसमोर, मी शेजारी, महेश हाताची घडी घालून मागं उभा. स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकतोय. दोन वाजून गेले. तीन वाजून गेले.

मी मोबाईलवरून चौगुलेला धरलं. "अवो मीटिंगमध्ये हाय, चारला येतो की!" चारला! बोर्ड चारला बंद होतो हे ज्याला पाठ, तो माणूस हे बोलतोय! दुसरा म्हणाला, सीडी कुठं ठेवली आठवत नाही. तिसऱ्यानं फोनच उचलला नाही. मी एवढा ओरडलो की शटरबाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

चार वाजत आले. महेश प्लग काढायला खाली वाकला.

आणि टेबलावरचा टेलिफोन वाजला.

अण्णांनी पहिल्याच रिंगला उचलला. रिसीव्हरमधून आवाज येत होता, आम्हा तिघांनाही ऐकू जाईल असा. टीं… टीं… टीं…

अण्णांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि थेट वारणानगरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पावणं, तोंडानं बोला की!"