दोरानं वर ओढलेली ओळ

त्या दिवशी सकाळी सेन नदीवरून धुकं असं दाटून आलं होतं, की समोरच्या दारातली पेरनेल मला दिसायच्या आधी ऐकू आली. "आज सोनं," एवढंच ती म्हणाली आणि तिनं खिडकीची फळी लावून घेतली.

आमच्या गल्लीत पोथ्या-पुस्तकांवर पोट भरणारी अकरा घरं आहेत. मी चर्मपत्रं, म्हणजे लिहायची कातडी, विकतो, कुणी लिहितं, कुणी रंग भरतं, कुणी बांधणी करतं. बाहेर अशी ओली हवा पडली की सगळ्यांना कळतं, आज पेरनेलच्या दारावर थाप मारायची नाही, दारापाशी खोकायचं नाही आणि मुख्य म्हणजे तिला हसवायचं नाही. कोरड्या हवेत सोन्याचा वर्ख अक्षरावर दिलेल्या सरसाच्या लेपाला धरत नाही. ओल्या हवेत धरतो, पण त्यालाही वरून तोंडाची वाफ लागते. पेरनेल बोरूची पोकळ नळी ओठांत धरते, लेपावर हलकेच दोनदा हा-हा करते आणि वर्ख टेकवते. त्या वेळी कुणाला शिंक आली, तर दोन अक्षरांचं सोनं उडून छताला.

एरवी ही बाई गप्प बसली असं कुणी सांगितलं तर मी वैद्य आणायला पळेन. बाप मासळीवाला, आणि तिचं अर्धं बालपण नदीच्या धक्क्यावर हाळ्या देण्यात गेलेलं. तिचे यजमान एर्वे मास्तर तिकडं ब्रिटनी प्रांतातून पाद्री व्हायला म्हणून शिकायला आले होते. देवाच्या घरी निघालेला माणूस मासळीच्या टोपलीपाशी अडखळला, तो अडखळलाच. पाद्री व्हायचं राहिलं, लेखक झाले, म्हणजे पोथ्या उतरवून देणारे. मास्तर लिहीत, पेरनेल रंग वाटून देई. दहा वर्षं नुसते रंगच वाटले, मग कुंचला हातात आला, मग सोनं. आता पन्नाशी उलटली, पण तिच्यासारखं सोनं बसवणारं माणूस पुलाच्या अलीकडे नाही. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हणत नाही. ती स्वतःच म्हणते.

सोन्याच्या दिवशी मात्र ती बोलत नाही. वाफ बोलण्यात घालवली तर सोन्याला काय उरणार, असं तिचं म्हणणं. म्हणून शेजारच्या बायका त्या दिवशी मुद्दाम तिच्या खिडकीखाली उभ्या राहतात आणि तिच्या स्वयंपाकाविषयी मोठ्यानं बोलतात. आतून उत्तर येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी उत्तरं एकदम येतात.

मास्तरांना शिंका फार. त्यामुळे सोन्याच्या दिवशी त्यांची रवानगी माझ्या दुकानात होते. त्या दिवशीही ते माझ्या बाकावर बसून कातड्यांना नावं ठेवत होते. मी ऐकून घेत होतो, कारण त्यांचं चित्त कातड्यांवर नव्हतं हे मला ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी एक ओळ दोनदा लिहिली होती. डोळे थकलेत, पण ते मान्य करायला ब्रिटनीचा माणूस तयार होत नाही. पुस्तकांचा व्यापारी गोतिए, जो या दोघांना काम देतो, त्यानं तेव्हाच सांगितलं होतं, की आणखी एक चूक झाली तर लिहिण्याचं काम ओर्लेआंहून आलेल्या नव्या लेखकाकडे जाईल. आणि हातात होती ती दारूच्या व्यापाऱ्याच्या विधवेची, आगातबाईंची प्रार्थनेची पोथी. गोतिए दुसऱ्याच दिवशी पानं न्यायला येणार होता. लेखणी गेली तर मास्तरांनी करायचं काय? या माणसाला चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं तरी ते उतू जातं.

दुपार व्हायच्या आत समोरची फळी उघडली. वर्ख लावून, वाळवून झालं होतं. आता सोनं घोटून चकाकी आणायचं काम. ते ती कुत्र्याच्या सुळ्यानं करते. तो सुळा माझ्याच कुत्र्याचा. जिवंत असताना तो तिला चावला होता. मेला तेव्हा तिनं येऊन सुळा मागून नेला आणि काठीला बसवला. त्या दिवसापासून ती त्याच्याकडून राबवून घेते आहे.

घोटताना तिची एक सवय आहे. हात मोजायचे म्हणून ती त्या पानावरचं स्तोत्र म्हणत जाते. एक ओळ म्हणेपर्यंत सुळा एका अंगानं, दुसरी ओळ म्हणेपर्यंत दुसऱ्या अंगानं. लॅटिन तिला कळत नाही. पण मास्तर तीस वर्षं लिहिताना पुटपुटत आले आणि ती तीस वर्षं शेजारी बसून ऐकत आली. सगळं तोंडपाठ आहे. अक्षरंही बोटानं लावता येतात.

मी ऐकत होतो. तिचं म्हणणं चाललं होतं आणि मधेच थांबलं. परत पहिल्यापासून सुरू झालं, परत त्याच ठिकाणी थांबलं.

"आन्सो भावजी," तिनं हाक मारली, "मास्तरांना घेऊन या. आन् मूळ प्रत बी आणा, तुमच्याकडं ठिवलीया ती."

आवाज हळू होता. म्हणून मी पळालो.

पानाच्या मधोमध सोन्याचं मोठं अक्षर झळकत होतं. तिनं त्याच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं. तिथं एकामागून एक दोन ओळी सारख्याच शब्दांनी सुरू व्हायला हव्या होत्या. होती एकच. मास्तरांची नजर एका ओळीवरून उठली आणि तिच्या बहिणीवर जाऊन बसली होती.

मास्तरांनी नाक पानाला टेकेपर्यंत वाकून तीनदा वाचलं. मग म्हणाले, मूळ प्रतीतच नसेल. मी मूळ प्रत पुढे केली. ओळ होती. मग म्हणाले, आन्सोचं कातडं तेलकट आहे, लेखणी घसरते. मी म्हणालो, घसरली तर बोटभर घसरेल मास्तर, आख्खी ओळ नाही घसरत.

त्यांनी लेखणी पुसली, खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं. दिवसाउजेडी ते झाकण लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

खरवडून पुन्हा लिहावं, तर खालच्या अकरा ओळी खरवडाव्या लागणार आणि मधे सोनं. नवीन ताव घ्यावा, तर एका तावाची चार पानं, बाकीच्या तिन्हींवर सोनं आणि रंग होऊन बसलेले. मी आपला हळूच म्हणालो, की गोतिएला कुठं ओळी मोजायला वेळ आहे, गप्प बसावं.

पेरनेलनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या कुत्र्याची आठवण झाली.

"आगातबाई रोज म्हणणार हाय हे. देवाला अर्धंच गाऱ्हाणं सांगत बसंल व्हय ती, तुमच्या आमच्यापायी?" मग ती नवऱ्याकडे वळली. "झाकण काढा, मास्तर. ती ओळ पानाच्या बुडाला लिवा. चांगल्या हातानं."

"समासात? सगळ्या जगानं बघावं म्हणून?"

"बघायचे ते बघत्यालच. मग नीट तरी बघू द्या."

मास्तरांनी बराच वेळ लेखणीचं टोक कापण्यात घालवला. पण लिहिली. आणि खरं सांगायचं तर त्या पानावरची सगळ्यात देखणी ओळ तीच झाली. ती वाळल्यावर पेरनेलनं त्या ओळीभोवती एक बारीक चौकट काढली, चौकटीला दोर बांधला आणि दोर समासातून वर नेला. वर, जिथं ओळ पडली होती तिथं, एक म्हातारा उभा केला. पाय रोवलेले, जीभ बाहेर, टोपी वाकडी, दोन्ही हातांनी दोर ओढतोय. खाली एक जाडा गडी ओळीला खांदा लावून ढकलतोय. त्या गड्याच्या पोटाविषयी मी इथं काही लिहिणार नाही.

मास्तर मागं उभे राहून बघत होते. "माझं नाक एवढं मोठं नाही."

"जागा कमी होती," पेरनेल म्हणाली, "म्हणून ल्हान काढलंया."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोतिए आला. अंगठा ओला करून ताव मोजायची त्याची रीत आहे. मला वाटलं होतं, तो ताव ती मधे कुठंतरी दडवेल. तिनं सगळ्यात वर ठेवला. गोतिएचा ओला अंगठा तसाच हवेत राहिला. त्यानं पानाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग ताव घेऊन तो खिडकीपाशी उजेडात गेला.

"हा ओढणारा कोण?"

मास्तर उठून उभे राहिले. "मीच, मालक. ओळ माझ्याकडनंच पडली."

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं. पेरनेलचा हात कुंचल्यावर थांबला. गोतिएनं ढकलणाऱ्याचीही चौकशी केली, तेव्हा मी छताकडे बघत होतो.

चूक सापडली कशी, हे त्यानं विचारलं. पेरनेलनं सांगितलं. त्याला खरं वाटेना. त्यानं दुसरं पान काढून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणून दाखव म्हणाला. तिनं सुळा हातात घेतला, कारण त्याशिवाय तिला आठवत नाही, आणि सोन्यावर हात फिरवत सगळं पान म्हणून दाखवलं. गोतिए बोटानं ओळी लावत गेला. एकही चुकली नाही. मग तो स्टुलावर बसला आणि जरा खालच्या आवाजात त्यानं सांगितलं, की ओर्लेआंवाल्यानं मागच्या पोथीत दोन ओळी खाल्ल्या आणि त्या गिऱ्हाइकाला चर्चमध्ये, चारचौघांत सापडल्या.

"काम इथंच राहील," तो म्हणाला. "पण यापुढं सोनं लावायच्या आधी हरेक पान बाईनं म्हणून बघायचं."

मास्तर चिडले. "म्हणजे माझ्या लिहिण्यावर बायकोची देखरेख?"

"तुमच्या घरात त्यात नवीन काय?" असं म्हणून गोतिएनं ताव कापडात गुंडाळले आणि तो गेला. मास्तरांनी खोक्याचं झाकण काढून ते पार खिडकीत ठेवून दिलं.

नाताळ झाल्यावर गोतिए पुन्हा आला तो निरोप घेऊन. आगातबाई त्या पानापाशी आली की प्रार्थना सोडून हसते, आणि आता लेकीसाठी दुसरी पोथी हवी आहे, तीत तो दोरवाला म्हातारा पाहिजेच. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की कुणाच्या करमणुकीसाठी ते ओळ पाडणार नाहीत. पाडली नाहीच. चार महिने डोळ्यांत तेल घालून लिहिलं. पेरनेल पानामागून पान म्हणत गेली, आणि दर पानाला तिचा चेहरा जास्तच पडत गेला.

शेवटचं पान म्हणून झालं तेव्हा मी तिथंच होतो. तिनं दोनदा मोजलं. सगळ्या ओळी जागच्या जागी.

"एक तरी पाडायची हुती, मास्तर," ती म्हणाली. "आता त्या म्हाताऱ्याला दोर देऊ तरी कशापायी?"

मास्तरांच्या मिशा हलल्या. चुलीवर माझ्या दुकानातल्या कातड्याच्या कातरणांचा सरस उकळून वर येत होता. पेरनेलनं मांजराला चुलीपासून हाकललं, लाकडी डाव घेतला आणि ती फेस काढू लागली.