दैवशालाची लोखंडी कॉट

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेच्या कडेला बिराप्पाचा ढाबा होता. तिथं दैवशालानं सव्वीस वर्षं भाकरी थापल्या. नवरा धोंडीबा विहीर खोदताना दरड अंगावर येऊन गेला, तेव्हा पोरगा इंद्रजित चार वर्षांचा होता. नवऱ्याचे दिवस झाले आणि पुढच्याच आठवड्यात ती ढाब्यावरच्या चुलीपुढं उकिडवी बसली. हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले गाडी उभी करायच्या आधी काचेतनं डोकं काढून विचारायचे, "बाई हाय का आज भाकरीला?" बाई असली तरच उतरायचे. ज्वारीची भाकरी तव्यावर टम्म फुगलीच पाहिजे, असा तिचा हट्ट. फुगली नाही की ती भाकरी गिऱ्हाईकाच्या ताटात जायची नाही. ती दैवशाला दुपारी स्वतः खायची.

सव्वीस वर्षांनी गुडघे गेले. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "मावशी, झीज लई झालीय. इथनं पुढं उकिडवं बसायचं न्हाय, मांडी घालायची न्हाय, जमिनीवर झोपायचं न्हाय."

काम सोडताना बिराप्पानं तिला साडीचोळी केली आणि विचारलं, "आणि काय पायजे सांगा, बाई."

"एक उंच कॉट करून द्या," ती म्हणाली.

बिराप्पानं वेल्डरकडं नेलं. वेल्डरनं तिला स्टुलावर बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि त्या मापाची, जाड लोखंडी अँगलची कॉट करून दिली. कडेला बसलं की दैवशालाचे दोन्ही तळवे बरोबर जमिनीला टेकायचे. सकाळी हातांनी दोन बाजूंच्या कडा धरायच्या, एक झोका घ्यायचा आणि उभं राहायचं. मग काठी धरून न्हाणीत, अंगणात, समोरच्या शांताक्काच्या ओट्यावर. शांताक्का सीमेपलीकडून, कर्नाटकातून आलेली, ढाब्यावर तिच्याबरोबर दहा वर्षं भांडी घासलेली. दोघी दुपारभर बसायच्या. कुणाला हाक मारावी लागायची नाही.

धोंडीबाची जागा रस्त्याला लागून होती. दैवशालानं ती लेकाच्या नावावर करून दिली आणि इंद्रजितनं तिथं गादी-पलंगाचं दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार. इंद्रजितला बोलायची कला होती. "गादीला पलंग लागतोच का ओ? खाली टाकली तर न्हाय का चालत?" असं विचारणारं गिऱ्हाईक रोज एक तरी यायचं. इंद्रजित त्याला आधी खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि मग जीव तोडून सांगायचा. गादीला खालनं हवा लागती. फरशीवर टाकली की ओल धरती, बुरशी येती, सहा महिन्यांत वास मारती. उंदीर-विंचवाचं भ्या वेगळंच. आणि घरात म्हातारं माणूस असंल, गुडघ्याचं दुखणं असंल, तर खाली झोपवणं म्हणजे पापच. "माणूस उठणार कसं? तुमीच सांगा." गिऱ्हाईक मान हलवायचं आणि पलंग बघायला उठायचं.

दैवशाला दारात खुर्ची टाकून हे ऐकायची. लेक शहाणा निघाला म्हणून तिला बरं वाटायचं.

एका रविवारी अणदूरकडचा एक माणूस बायकोपोरीला घेऊन आला. पोरीचं लग्न ठरलं होतं, पलंग घ्यायचा होता. इंद्रजितनं गुलाबी फुलांचा, आरसा बसवलेला मोठा पलंग दाखवला. पोरीला आवडला. इंद्रजित गादी दाखवायला आत गेला, तेवढ्यात त्या बापानं दारातल्या म्हातारीला सहज विचारलं, "आजी, टिकंल ना ओ ह्यो?"

दैवशाला काठी टेकत उठली. बोटाच्या पेरांनी पलंगाची फळी वाजवली. खालून हात फिरवला.

"ह्यो भुसा दाबलेला हाय, बाबा. फरशी पुसताना पाणी लागलं की भाकरीवाणी फुगंल. लेकीला द्यायचा आसंल तर लाकडाचा बघा."

इंद्रजित गादी घेऊन बाहेर आला तेव्हा तो माणूस चपला घालत होता.

घरात सून राजनंदिनी तडकलीच. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, तुमाला कुणी इचारलं होतं का?"

"इचारलं की. त्या माणसानं इचारलं."

इंद्रजित मात्र शांतपणे जेवला, वरून भात मागून घेतला, मोबाईल बघत बसला. दैवशालाला वाटलं, मिटलं.

चार दिवसांनी तिला चहाला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि दुकानातली दोन माणसं तिच्या खोलीतून कॉट उचलून घेऊन गेली. कॉट दाराला अडकली. त्यांनी ती आडवी केली, तिरकी केली. चौकटीचा टवका उडाला. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभाच होता.

"आरं, कुठं न्यायलेत?"

"आई, तू पडशील," इंद्रजित म्हणाला. "गेल्या महिन्यात न्हाणीत घसरलीस का न्हाय? कॉट उंच हाय. हाड मोडलं तर कोण बघायचं?"

"कॉटवरनं म्या कधी पडले रं?"

"पडल्यावर काय करायचं? नवी गादी टाकतो तुला, आठ इंची, फोमची. दुकानातली सगळ्यात भारी. शहरात लोक आता खालीच टाकतात."

"मग तू गिऱ्हाईकाला सांगतोस ते?"

"ते गिऱ्हाईकाला," इंद्रजित म्हणाला आणि गादीचं प्लास्टिक फाडायला लागला.

गादी खरंच मऊ होती. पहिल्या सकाळी दैवशालाला जाग आली तेव्हा उठायला म्हणून तिनं हात बाजूला नेले, तर हाताला गार फरशी लागली. ती कुशीवर वळली. कोपरावर भार देऊन बसती झाली. आता गुडघे मुडपून वर यायचं, तर गुडघ्यात कुणी पहार घालावी तशी कळ आली आणि ती पालथी पडली. तीनदा तसं झालं. मग तिनं सुनेला हाक मारली. राजनंदिनी आली, पण तिला यायला जो वेळ लागला त्यात गादी ओली झाली होती.

"बघा की आत्या, नव्या गादीचं काय केलंत," राजनंदिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दैवशालाला खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची दिसली. ती बुडावर सरकत सरकत तिथवर गेली, खुर्ची भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढलं. अर्धा तास लागला, पण ती उभी राहिली. काठी घेऊन बाहेर आली. राजनंदिनी भाजी चिरत होती. तिनं वर बघितलं आणि परत चिरायला लागली. संध्याकाळी खुर्ची दुकानात गेली. दुसऱ्या दिवशी काठीही दिसेना. दैवशालानं विचारलं तर सून म्हणाली, "उठायचंच न्हाय तर काठी कशाला, आत्या?"

तोवर दैवशालाला वाटत होतं की ही पोरं जरा अडाणी आहेत, त्यांना सांगितलं की कळेल. त्या दिवसापासून तिनं सांगायचं सोडलं.

घरात कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ताट वेळेवर यायचं. फक्त पाण्याचा तांब्या लहान झाला, मग तांब्याच्या जागी पेला आला. कारण पाणी प्यालं की उठवावं लागतं. पुढं डायपर आले. राजनंदिनी सकाळी एकदा बदलायची, संध्याकाळी एकदा. मधे हाक मारली तर टीव्हीचा आवाज वाढायचा. पावसाळ्यात फरशीला पाझर आला. गादीच्या खालून वास यायला लागला. दैवशाला कड उचलून बघायची, तर काळे ठिपके धरलेले. ती जिथं झोपायची तिथं फोम बसला होता, त्या खड्ड्यात तिचं अंग आपोआप घसरायचं. कुशीवर वळायला धरायला काही नव्हतं. कमरेच्या खाली आधी आग व्हायची, नंतर तिथं काही जाणवेनासं झालं.

शांताक्का महिनाभर फेऱ्या मारत होती. "आत्या झोपल्यात," असं तिला दारातनं सांगितलं जायचं. एक दिवस ती थेट आत शिरली. दैवशालाला खाली बघून तिच्या तोंडून आधी कानडीतच काहीतरी निघालं.

"अगं, तुझी कॉट कुठंय?"

"भंगारात."

"आणि तू गप बसलीस?"

शांताक्कानं तिला कुशीवर वळवलं, पाठ बघितली आणि तशीच दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं. "इंद्रजित, तुझ्या दुकानात वीस पलंग रिकामे हायेत, आणि आई खाली कुजायलीय!"

इंद्रजितनं हात जोडले. गिऱ्हाईकाकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "आईला चक्कर येती ओ. डॉक्टरनंच खाली झोपवायला सांगितलंय. अक्कांचं वय झालंय, त्यांना समजत न्हाय." गिऱ्हाईकानं शांताक्काकडं कीव केल्यासारखं बघितलं. संध्याकाळी शांताक्काच्या पोराला इंद्रजितचा फोन गेला, आणि शांताक्काचं येणं बंद झालं.

श्रावणात दुकानात एक कुटुंब आलं. घरातलं माणूस वारलं होतं, तेराव्याला त्याच्या नावानं सेज दान द्यायची होती. मधलं दार उघडं होतं. दैवशालाला सगळं ऐकू येत होतं.

"नुसती गादी, उशी, चादर दिली तर न्हाय का चालणार?" त्यातला एक जण विचारत होता.

"छे ओ," इंद्रजितचा आवाज आला. "सेज म्हणलं की पलंग आलाच. जिवाला वर जाऊन आडवं व्हायला जागा नको का? जन्मदात्याला खाली झोपवणार व्हय?"

ते लोक गेल्यावर दैवशालानं हाक मारली. इंद्रजित दारात येऊन उभा राहिला.

"मेलेल्याला पलंग लागतो, आणि मला न्हाय का रं?"

इंद्रजित हसला. रागानं नाही, लहान पोरानं काही मजेशीर विचारावं आणि हसू यावं, तसा हसला. "मेलीस की देतो की, आई," तो म्हणाला. स्वयंपाकघरातून राजनंदिनीच्याही हसण्याचा आवाज आला.

भाद्रपदात एका दुपारी राजनंदिनी माहेरी गेली होती आणि इंद्रजित शटर अर्धं ओढून आत स्वयंपाकघरात जेवायला बसला होता. जेवून त्याला तिथंच डुलकी लागली. दैवशाला गादीवरून खाली सरकली. पोटावर, कोपरं टेकत, ती दुकानात गेली. पुढचाच पलंग सागवानी होता, चार पाय चांगले जाडजूड. तिनं पाय धरला, मग कड धरली. त्या हातांनी सव्वीस वर्षं पीठ मळलं होतं. हात अजून शाबूत होते. तिनं स्वतःला छातीपर्यंत वर ओढलं, मग पोटापर्यंत, मग ती पलंगावर आडवी पडली. दम खाऊन उठून बसली. पाय खाली सोडले. तळवे टेकले. दोन्ही बाजूंच्या कडा धरल्या, झोका घेतला आणि उभी राहिली.

शटरखालून ती वाकून बाहेर आली. भिंत धरत, मग विजेचा खांब धरत. रस्त्यावरून ट्रक जात होते. ऊन डोळ्यांत भरलं. शांताक्काचा ओटा पलीकडं दिसत होता आणि शांताक्का शेंगा निवडत बसली होती. दैवशालानं हात वर केला. शांताक्का शेंगा टाकून उठली.

तेवढ्यात मागून इंद्रजित आला. त्यानं आईला लहान लेकराला उचलावं तसं दोन्ही हातांवर उचललं. "आई, आगं अशी कुठं निघालीस? गाडीखाली गेली असतीस की!" त्याचा आवाज भरून आला होता. पानटपरीवरची माणसं बघत होती. एक जण म्हणाला, "आजकाल असा लेक मिळत न्हाय."

दैवशाला त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती. शांताक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि तिचा पोरगा तिच्या दंडाला धरून तिला मागं ओढत होता.

आत आणून इंद्रजितनं आईला गादीवर ठेवलं. सागवानी पलंगावरच्या चादरीला डाग पडला होता. ती त्यानं बादलीत टाकली. मग येऊन तिच्याजवळ खाली बसला. "गिऱ्हाईकाच्या पलंगावर घाण केलीस, आई," तो म्हणाला. "तो पलंग आता नवा म्हणून इकायचा कसा?" उत्तराची त्यानं वाट बघितली नाही. संध्याकाळी सुतार आला आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसली.

त्यानंतर दैवशाला तीन महिने होती. कमरेखालची जखम हाडापर्यंत गेली. ताप यायचा-जायचा. शेवटी शेवटी तापात ती पीठ मळल्यासारखे हात हलवायची आणि "उलथणं कुठंय, भाकरी करपती" म्हणायची. मार्गशीर्षात एका गुरुवारी राजनंदिनी चहा घेऊन आत गेली आणि भरलेला कप घेऊन परत आली.

अंघोळ घालायला गल्लीतल्या बायका जमल्या. शांताक्का पुढं होती. पाणी ओतायला म्हणून दैवशालाला कुशीवर वळवलं आणि सगळ्यांचे हात थांबले. एकीनं पदर नाकाला लावला. शांताक्कानं इंद्रजितला आत बोलावलं. "बघ," ती म्हणाली. त्यानं बघितलं. मग तो बाहेर जाऊन फुलांच्या हारांचं काय झालं ते विचारायला लागला. बायकांनी जखमेत हळद भरली, वर नवं कोरं लुगडं नेसवलं. पुढून बघितलं तर दैवशाला झोपल्यासारखी दिसत होती. बिराप्पा फार थकलेला, पण आला. तिरडीपाशी उभं राहून म्हणाला, "पोरानं शेवटपर्यंत सांभाळलं, नशीबवान बाई."

दिवस झाले, गोड जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजितनं शटर उघडलं. पहिलं गिऱ्हाईक शांताक्काचा पोरगा होता. त्याच्या लेकीसाठी पलंग घ्यायचा होता, आणि नेहमीप्रमाणं इंद्रजितनं त्याला आधी बसायला खुर्ची दिली, मग पाणी दिलं.