पडद्याच्या तळाची ओळ

गिऱ्हाईक नुसतं "काहीतरी फिकं दाखवा" म्हणालं, तरी त्याच्या मनातला रंग ताई बरोबर काढून समोर टाकायची. निदान गिऱ्हाइकांना तसं वाटायचं. पडद्यांच्या त्या दुकानात ती मापं घ्यायची, कापड कापायची, चुण्या घालायची, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघायची की माणूस खूश होऊन जायचा. खरी गोष्ट अशी की ताई ओठ वाचत होती.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं तिने यंत्रमागांच्या शेडमध्ये काढली होती. तिथला खडखडाट असा की शेजारच्या बाईशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागे. पुढे शेड बंद पडली, ताई पडद्यांच्या दुकानात आली, पण जाताना मागांनी तिचे कान ठेवून घेतले. एकदम नाही, हळूहळू. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिटी, मग पोरीबाळींचे बारीक आवाज, मग टीव्ही.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चार माणसं जमली की ती भिंतीला पाठ लावून बसायची, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसत. सगळे हसले की तीही हसायची, कधी जराशी मागे राहून. टीव्हीवर काही लागलं की "मला मेलीला नाही आवडत ही रडारड" म्हणत भांडी घासायला उठायची. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणत. पेंटरला वाटे, आपली बायको भारीच कामसू.

मग एक दिवस बसमध्ये गंमत झाली. शेजारच्या सीटवर एक मुलगी मोबाइलवर काहीतरी बघत होती. कानात काही घातलेलं नाही, आवाज बंद, आणि चित्राच्या खाली अक्षरं उमटत होती. माणूस बोलला की ओळ यायची, थांबला की जायची. ताईची मान आपोआप तिकडे वळली. पडद्यावर एक म्हातारा पोलिसाला खोटं सांगत होता आणि तो काय थापा मारतोय हे ताईला शब्दनशब्द कळत होतं! मुलीच्या लक्षात आलं. तिने मोबाइल जरा ताईकडे कलता केला. ताई उतरायचा थांबा विसरली. पुढचाही गेला. भानावर आली तेव्हा बस डेपोत शिरत होती. तिथून ती घरापर्यंत चालत आली की पळत आली, ते तिचं तिलाच ठाऊक नाही.

"अगं, ती खाली अक्षरं येतात," दारातूनच तिने आपल्या मुलीला विचारलं, "ती आपल्या मोबाइलवर येतात का?"

मुलगी बालवाडीत शिकवायची. असल्या अर्धवट प्रश्नांची तिला सवय होती. "सबटायटल म्हणतेस का आई? येतात की. पण कशाला? आपल्याच भाषेत तर बोलतात सगळे."

"असू दे. माझं शुद्धलेखन सुधारेल."

मुलगी हसली आणि तिने ते सुरू करून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ताई दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये जाऊन बसली आणि तिने आख्खा सिनेमा बघितला. जेवणाचा डबा तसाच राहिला. त्यानंतर तिला धरबंध राहिला नाही. बसमध्ये सिनेमा, इस्त्री तापेपर्यंत मालिका, भाजी शिजेपर्यंत अर्धा भाग. सगळ्यात जास्त तिला खुनाच्या गोष्टी आवडू लागल्या, कारण त्यात प्रत्येक वाक्य महत्त्वाचं असतं आणि आता एकही वाक्य तिच्या हातून सुटत नव्हतं. "मालिका आवडत नाहीत" म्हणणारी बाई जेवताना पेंटरला सांगू लागली की विष नेमकं कुणाच्या कपात होतं.

अशात तिच्या धाकट्या भावाचा पराक्रम कानावर आला. हा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. एका उंच इमारतीत तो कामाला गेला, तर तिथे एका मालिकेचं शूटिंग चाललेलं. गोष्टीत लिफ्टवाल्याचं काम होतं आणि ते करणारा नट आलाच नाही. दिग्दर्शकाने जिन्यात पाना घेऊन बसलेल्या भावाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे काय, आहे ना माणूस!" कपडे बदलावे लागले नाहीत, हातांना तेल लावावं लागलं नाही. एकच वाक्य होतं त्याला. ते वाक्य काय, हे सांगायचं नाही असं वचन त्याच्याकडून घेतलेलं. त्याने बायकोलाही सांगितलं नाही. ती त्यावरून रुसली होती.

भावाचा भाग रविवारी संध्याकाळी येणार होता. सगळ्यांनी ताईच्या घरी जमायचं ठरलं, कारण टीव्ही सगळ्यात मोठा तिच्याकडे. ताईला एवढा आनंद झाला की तिने घरातले पडदे धुवायला काढले. आणि पडदे पाण्यात टाकल्यावर तिच्या डोक्यात आलं, अक्षरं मोबाइलवर येतात. टीव्हीवर कुठे येतात?

"टीव्हीवर ती अक्षरं आण," तिने मुलीला फर्मावलं.

मुलीने रिमोट घेतला. टीव्हीतलं ॲप जुनं होतं. सबटायटलची जागा होती, पण उघडली की दोन परक्या भाषा आणि खाली 'बंद', एवढंच. मग तिने मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर पाठवून बघितलं. चित्र गेलं, आवाज गेला, अक्षरं मोबाइलमध्येच बसून राहिली, सासरी जायचं नाही म्हणणाऱ्या नवरीसारखी. मग लॅपटॉप आला, त्याची वायर टीव्हीला जोडली. लॅपटॉपवरच्या ॲपमध्ये अक्षरं आली, पण पांढरीफटक. खुनाची खोली पांढरी, डॉक्टरचा कोट पांढरा, वाचायचं काय? मुलीने ॲप बंद करून तीच मालिका ब्राउझरमध्ये उघडली. तिथे रंग निवडता येत होता. मात्र टीव्हीने चित्राच्या कडा खाल्ल्या, आणि अक्षरांचा खालचा अर्धा भाग पडद्याबाहेर गेला. नुसत्या शिरोरेघा राहिल्या आणि त्यांना लोंबणारे तुकडे.

पेंटर इतका वेळ गंमत बघत होता. अक्षरांचं नाव निघाल्यावर तो पुढे सरकला. "थांबा, मी वाचतो. आयुष्य गेलंय माझं यात. 'सन... कुणी... केला.'"

"सन?"

"वरून तर तसंच दिसतंय."

"खून, बाबा! 'खून कुणी केला!' ऊकार कापला गेलाय."

दोघं हसत सुटले. पेंटर डोळे पुसत म्हणाला, "अगं, सोड ना तो नाद. आपलीच भाषा, आपलाच मेहुणा. कानांनी ऐकू की सरळ!"

ताईने त्याचे ओठ नीट वाचले. मग तिने ओला पडदा बादलीत सोडला.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"टीव्हीचं काही ऐकू येत नाही मला. कितीतरी वर्षं झाली. तुम्ही समोर असलात की तोंड बघून कळतं. माझा भाऊ टीव्हीवर बोलणार आणि मी तुमच्या तोंडांकडे बघून हसू? तसं नाही करायचं मला या वेळी."

मुलीच्या हातातली वायर तशीच राहिली. पेंटर हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तू माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतेस."

"ते वेगळं. ते मी कान चांगले होते तेव्हाही करायचे."

पेंटर आधी चक्रावला आणि मग असा काही हसला की ताईलाही हसू फुटलं. या खेपेला ती मागे राहिली नाही. त्यानंतर मात्र तो इरेला पेटला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून एकेक गोष्ट उघडू लागला. मुलगी सांगत होती, तो दाबत होता. एकदा चित्र आडवं पसरलं, एकदा टीव्ही कुठल्याशा अगम्य भाषेत गेला आणि परत यायला तयार होईना. शेवटी एका ठिकाणी 'पडद्याला बसवा' अशा अर्थाचं काहीतरी सापडलं, ते दाबताच चित्र चारी बाजूंनी आत आलं आणि तळाची ओळ पूर्ण दिसली, ऊकारासकट! पेंटर ओरडला. ताईने टाळ्या पिटल्या. रंग त्यानेच ठरवला: काळ्या पट्टीवर पिवळं. "लांबून वाचायची पाटी याच रंगात करतो मी," तो म्हणाला, "आणि आकार मोठा घे गं, कंजूषपणा नको."

"रविवारी कुणासमोर माझं काढू नका मात्र," ताईने बजावलं.

रविवारी भावजय आली, तिचा कॉलेजातला मुलगा आला, शेजारीण आली. भाऊ तेवढा आला नाही. एका इमारतीत म्हातारं जोडपं लिफ्टमध्ये अडकलं होतं, त्यांना काढायला तो गेला होता. "हौसेचा दिवस आणि हा कुणाला तरी काढत बसलाय," भावजय म्हणाली, पण तिच्या बोलण्यात रुसवा उरला नव्हता.

वेळ झाली. मुलीने मालिका लावली. पडद्यावर गोल फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय.

"सगळ्या जगाला आत्ताच बघायचंय वाटतं!" शेजारीण म्हणाली.

"मोबाइलचं नेट जोड," भाच्याने सुचवलं. मुलीने जोडलं. गोल थांबलं, चित्र आलं, आवाज आला. अक्षरं? ताई पुढे वाकली. आली! पिवळी, ठसठशीत.

"ही काय पाटी लावलीय?" भावजयीने विचारलं.

"मी लावलीय," पेंटर म्हणाला. "धंद्याची सवय." ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो लाजला.

श्रीमंत माणसाचा खून झालेला. इन्स्पेक्टर इमारतीत हिंडतोय. खून झाला त्या वेळी लिफ्ट बंद होती, म्हणून सगळ्यांचा संशय जिन्याने वर गेलेल्या नोकरावर. इन्स्पेक्टर तळमजल्यावर येतो, लिफ्टपाशी कुणीतरी पाठमोरं बसलेलं असतं, ते वळतं...

"मामा!"

"बाबा! बाबा!"

"अगं बाई, हे तर आमचे हे!"

खोलीत नुसता कल्लोळ झाला. भाचा खुर्चीवर चढला. शेजारणीने शिट्टी वाजवली. ती शिट्टी वाजवू शकते हे कुणालाच माहीत नव्हतं. भावजयीला हसू आणि रडू एकदमच आलं. भावाने कपाळावरचा घाम पुसला, इन्स्पेक्टरकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि पुढचं दृश्य सुरू झालं.

खोली हळूहळू शांत झाली.

"काय म्हणाले?" भावजयीने विचारलं.

"मला नाही ऐकू आलं," भाचा म्हणाला. "तूच ओरडत होतीस."

"मी कुठे! तू!"

मुलीने मागे न्यायला बटण दाबलं. पुन्हा गोल फिरू लागलं.

"'लिफ्ट बिघडलेली नव्हती साहेब,'" ताई म्हणाली. सगळ्यांची डोकी तिच्याकडे वळली. "'वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडं धरून ठेवलं होतं.' असं म्हणाला तो." मग ती ताडकन उठली. "अहो, म्हणजे काय कळलं का? नोकर नव्हेच तो! खुनी वरच होता, दार धरून उभा! भावाच्या एका वाक्यावर सगळी गोष्ट फिरली की!"

"म्हणून सांगत नव्हते होय मला!" भावजय ओरडली.

गोल थांबलं, दृश्य पुन्हा लागलं. या वेळी पेंटरने सगळ्यांना तंबी दिली होती, त्यामुळे टाचणी पडली तरी ऐकू आली असती. वाक्य अक्षरशः तेच होतं. त्यानंतर भाग संपेपर्यंत सगळी खोली तळाच्या ओळीकडे डोळे लावून बसली. शेजारीण तर ओळी मोठ्याने वाचत होती, शेवटी तिला गप्प करावं लागलं.

भाऊ आला तो शर्टाला काळं तेल माखलेला. म्हातारा-म्हातारी सुखरूप निघाली होती. सगळ्यांनी त्याला दारातच घेरलं, पाठीवर थापा बसल्या. तो सगळ्यांमधून वाट काढत थेट ताईपाशी आला.

"ताई, आवाज कसा वाटला माझा? बाकीचे काय, चांगलंच म्हणणार. तू खरं सांग."

ताईने पेंटरकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. सरळ थाप मारता आली असती.

"वाक्य झकास होतं रे," ती म्हणाली. "आवाज नाही मला ऐकू आला. येतच नाही. मी खाली वाचलं."

मग तिने सगळं सांगून टाकलं, माग, शेड, भिंतीला लावलेली पाठ, सगळं. भाऊ ऐकत राहिला. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि इमारत हादरेल अशा आवाजात म्हणाला:

"लिफ्ट बिघडलेली नव्हती साहेब! वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडं धरून ठेवलं होतं!"

"आलं!" ताई ओरडली. "आलं रे ऐकू! लहानपणी आईला हाक मारायचास तसाच आहे अजून, भसाडा!"

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धापा टाकत उभे होते. "काय झालं? कुठली लिफ्ट? आपल्याकडे लिफ्ट कधी बसवली?"

त्यांना आत घेऊन बसवलं आणि तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.

पुढे मुलगी ताईला कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ताईला यंत्र मिळालं. दुकानात ती ते लावते, आणि गिऱ्हाईक पुटपुटलं तरी तिला कळतं. घरी टीव्ही बघताना मात्र काढून ठेवते; म्हणते, वाचण्यात जी मजा आहे ती ऐकण्यात नाही. भावजयीच्या घरीही आता अक्षरं लागतात, पिवळीच.

खुनी कोण याबाबत ताईचा अंदाज साफ चुकला. वरच्या मजल्यावर दार धरून उभी होती ती बिचारी मोलकरीण, सामान उतरवायला. खून नोकरानेच केला होता. शेवटचा भाग संपल्यावर ताई टीव्हीपुढे कमरेवर हात देऊन उभी राहिली. "काहीतरीच! हे लिहिणाऱ्याला काही कळत नाही. मोलकरणीला एवढा वेळ कशाला लागेल? अहो, मागे न्या जरा, मी दाखवते तुम्हाला त्याची चूक." आणि पेंटरने रिमोट उचलला.