गेलेल्या गाईडचं शिफारसपत्र

"बाई, हे पत्र कुणी पाठवलं?" उपकुलसचिवांनी प्रिंटआउट माझ्या टेबलावर टाकला.

"डॉ. गद्र्यांनी, सर."

"गद्रे फेब्रुवारीत गेले. आता जून चालू आहे."

मी तेव्हा विद्यापीठाच्या भरती विभागात होते. पोस्टडॉकची भरती चालू होती. पीएचडी झालेल्यांना दोन वर्षं संशोधनासाठी घेतात, ती ही जागा. गाईडचा ईमेल भरल्याशिवाय ऑनलाइन फॉर्म पुढे सरकायचाच नाही. भरला, की सिस्टिम परस्पर गाईडकडे शिफारसपत्र मागायची.

कात्रजच्या रेहाना तांबोळीनं गेलेल्या गाईडचाच पत्ता भरला होता. मी तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, दुसरं काय भरणार? गाईड तेच होते. उत्तर येणार नाही, मग समक्ष येऊन सांगेन, म्हटलं."

"उत्तर आलंय."

पोरगी पांढरीफटक पडली. वयोमर्यादेमुळे तिची ही शेवटची संधी. पत्र तिनंच बनवलंय असं ठरलं, तर अर्ज बाद आणि वर कायमची बंदी. मला तिची दया आली आणि रागही आला. निदान फोन तरी करायचा, बाई!

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मेल आली म्हणजे कुणीतरी पाठवली. दुपारी रिक्षा करून थेट वारज्याला गद्र्यांच्या फ्लॅटवर गेले.

गद्रेवहिनींनी दार उघडलं. "या ना. हे आत बसलेत."

चपला काढायला मी जरा वेळच लावला. तरी गेले. आतल्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता. रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरत होता. शेजारी कपात चहा, वाफाळता.

"तीस वर्षं हे सांगतात, मी टाइप करते," वहिनी म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"आणि रेहानाचं पत्र?"

"तेही यांनीच सांगितलं." त्या खुर्चीकडे वळल्या. "सांगितलंत ना हो?"

थोडं थांबल्या. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशा. मग मान डोलावली.

मी चहा न पिता निघाले.

वहिनींनी पत्र पाठवल्याचं लिहून दिलं, म्हणून रेहाना सुटली. पत्रावर मी 'अग्राह्य' शेरा मारला, पाकिटात सील केलं. त्याऐवजी तिच्या विभागप्रमुखांचं पत्र घेतलं. निवड समितीला जुनं पत्र दाखवलंच नाही.

मुलाखतीत मी टिपणं घ्यायला बसले होते. बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं, "प्रबंधात काही बदलावंसं वाटतं?"

रेहाना अडखळली. "तिसऱ्या प्रकरणातला तक्ता चुकलाय, सर. मला मे महिन्यात ती चूक सापडली. अजून कुणालाच बोलले नाही. गाईड असते तर आधी त्यांना सांगितलं असतं."

माझ्या हातातलं पेन थांबलं. सील केलेल्या पत्रात शेवटची ओळ होती: 'तिसऱ्या प्रकरणातल्या तक्त्यात चूक आहे. रेहानाला ती सापडली आहे. ती लपवणार नाही.'

तज्ज्ञ खूश झाले. "चूक कबूल करणारा उमेदवार बऱ्याच दिवसांनी भेटला," म्हणाले. जागा तिला मिळाली.

पुढच्या वर्षीपासून आम्ही फॉर्ममध्ये रकाना वाढवला: 'गाईड हयात आहेत काय?' गेलेल्या माणसाला ऑफिसची मेल पाठवू नये. उत्तर आलं, तर ते कुठल्या फाइलला लावायचं, याचा नियम नाही.