चढावर सगळे उतरायचे

वारंगा फाट्याजवळचं टेकाड ओलांडून उतार लागला, की ड्रायव्हरमामांचा हात आपोआप चावीकडे जायचा. चावी फिरायची, इंजिन गप्प व्हायचं आणि भरलेली मोटार नुसता चाकांचा आवाज करत खाली निघायची. नवखा प्रवासी दचकायचा. मामा समोर बघतच म्हणायचे, "जाऊन राहिली ना? मंग काहून जाळायचं?"

मी त्या मोटारीवर कंडक्टर होतो. हिंगोलीहून कळमनुरीवरून नांदेडला जाणारी आमची एकच मोटार. दुसरं महायुद्ध संपलं होतं, तरी पेट्रोल मोजूनच मिळायचं. ते संपलं, की पुढचं येईपर्यंत मोटार उभी. पै-पै जपणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण मामांचं हे जपणं मालकासाठी नव्हतं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या मामींच्या, पोटात पाणी भरायचं. ते काढायला त्यांना सारखं नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागे. मोटार उभी राहिली, तर मामी कळमनुरीत घरी तडफडत पडणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून मामा मोटार कधी पिटाळत नसत. दूरवर बैलगाड्यांची धूळ दिसली, की तिथूनच पाय उचलून घेत. ब्रेक दाबणं म्हणजे त्यांना ताटातलं सांडल्यासारखं वाटे. चढ आला, की हुकूम सुटे, "उतरा बाप्पा, जरा पाय मोकळे करा." सगळे चालायला लागत आणि रिकामी मोटार धापा टाकत पुढे चढे.

एकदा एक पाटील उतरेनात. "आमी तिकीट काढलंय, चालायला न्हाई," म्हणाले. मामांनी चढाच्या पायथ्याशीच मोटार बंद केली आणि बांधावर जाऊन तंबाखू मळत बसले. "बसा पाटील निवांत. आमी बी बसून राहिलो." पत्रा तापला तसे पाटील धोतर सावरत खाली आले.

मामी मात्र न सांगता उतरायच्या. पोट धरून, सगळ्यांच्या मागे.

"तू बस ना वं," मामा ओरडायचे.

"तेवढंच तुमचं पेट्रोल वाचंल," म्हणून त्या हसायच्या.

मग मामा माथ्यावर मोटार थांबवून, आरशात मागचा रस्ता बघत त्यांची वाट पाहायचे. चालू इंजिनानं उभं राहणं त्यांना तेवढ्यापुरतं चालायचं.

निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी रियासतीत पेट्रोल येणंच थांबलं. मालकानं मोटार उभी करायला सांगितली. त्याच आठवड्यात मामींना श्वास घेता येईना. मामांनी टाकीत काडी घालून पाहिली. "जाऊन येणं होते," एवढंच म्हणाले.

सकाळी आम्ही मामींना दवाखान्यात आत नेलं. दुपारी त्यांना चादरीत गुंडाळून बाहेर आणलं.

परतताना वाटेवरची ओळखीची माणसं चढली. ते पाटीलही होते. मी कुणाचंच तिकीट फाडलं नाही. टेकाड आलं. हुकूम सुटायच्या आधीच सगळे आपणहून उतरले. मामी तेवढ्या उतरल्या नाहीत.

माथ्यावर मोटार थांबली. सगळे येऊन बसले, तरी ती हलेना. मामा आरशात मागचा रस्ता बघत होते.

"मामा, सगळे आले," मी म्हणालो.

"व्हय."

मोटार निघाली. उतार लागला, पण त्यांचा हात चावीकडे गेला नाही. इंजिन धडधडत राहिलं.

"मामा, उतार."

"जळू दे."

पेट्रोल कमी पडेल हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मला रडू येत नव्हतं, काहीच होत नव्हतं. मी खिडकीतून शेतं बघत होतो.

कळमनुरीची घरं दिसायला लागली आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळे उतरले आणि ढकलायला लागले. पाटलांनी मागून खांदा लावला. मामा चाक धरून बसले होते, मागे मामी. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

घरासमोर मोटार थांबली. मामांनी हात पुढे नेला, केव्हाच बंद पडलेल्या इंजिनाची चावी फिरवली आणि तसेच बसून राहिले.